स्मिता पाटील : एका चेहऱ्याचे ऋण



ज्या शाळेच्या ओट्यावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा योग आज आला आहे. हा माझा सन्मान आहे, आणि थोडी परीक्षाही. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांचे नाव आपण कोणीच कधी घेत नसू. त्या आपल्या सगळ्यांच्या नुसत्या 'बाई' होत्या. आजही मी त्यांना बाईच म्हणणार आहे.

या व्याख्यानासाठी विषय कोणता, असे मला विचारण्यात आले, तेव्हा मी 'स्मिता पाटील' असे उत्तर दिले. पत्रातून आलेला पुढचा प्रश्न सौजन्यपूर्ण होता, पण त्यातली शंका लपत नव्हती. शाळेच्या स्मृतिव्याख्यानात चित्रपटातील नटीचे जीवन हा विषय शोभेल काय? ही शंका मला रास्त वाटते. तिचे उत्तर मी शेवटी देण्याचा प्रयत्न करीन. तोवर आपण थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. आणखी एक. स्मिता माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी होती. म्हणून मी तिला एकेरी संबोधणार आहे. त्यात अनादर नाही, जवळीक आहे.

आपले हे गाव कागदाचे गाव. सातपुड्यातला बांबू आणि सलईचे लाकूड यांपासून वृत्तपत्राचा कागद करणारा देशातला पहिला कारखाना इथे उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. पुढची पंचवीस वर्षे तसा दुसरा कारखाना देशात नव्हता. माझे वडील त्याच कारखान्यात पाळीवर जात. रिळे भरलेल्या मालगाड्या स्टेशनातून सुटताना आम्ही मुले पाहत असू. त्या कोऱ्या कागदावर पुढे काय छापले जाते, याचे आम्हांला मोठे कुतूहल असे. कागद आमचा, बातमी मात्र दुसऱ्यांची, अशी काहीशी आमची भावना होती.

आणि आपली नदी तापी. बऱ्हाणपूरवरून पुढे वाहत जाऊन ती खानदेशात शिरते आणि पुढे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्याच्या कडेने जाते. स्मिताचे घराणे त्या शिरपूरचे. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक, पुढे महाराष्ट्राचे मंत्री आणि सहकारी चळवळीतले कार्यकर्ते. आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला आणि तिचे शालेय शिक्षणही तिथेच झाले. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात ती वाढली, कलापथकातून वावरली. समूहात मिसळण्याची, गाण्यात आणि श्रमात इतरांच्या बरोबरीने उभे राहण्याची सवय तिला तिथे लागली. तिच्या अभिनयाचे मूळ शोधायचे तर ते मला नाट्यशाळेपेक्षा त्या कलापथकात सापडते.

आता मी थोडे स्वतःविषयी बोलते. ते टाळले तर पुढचे सारे पोकळ होईल.

आठवीत असताना स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात राणीचे काम मला मिळावे, अशी माझी फार इच्छा होती. माझे पाठांतर सर्वांत चोख होते. तालमी घेणारे जे कोणी होते, ते सहज म्हणून गेले, "राणी गोरी हवी. ही दासी होईल." त्यात दुष्टावा नव्हता, ते त्या काळाचे, किंवा सर्वच काळांचे, साधे गणित होते. मी दासी झाले. मोर्चेल धरून तासभर उभी राहिले आणि घरी येऊन आईच्या पदरात रडले. आई म्हणाली, "रंग का आपल्या हातात असतो, बाळ?" तिने मला समजावले खरे, पण गणित तिलाही मान्यच होते.

१९७४ च्या मे महिन्यात मी मामाकडे मुंबईला गेले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. मामाच्या चाळीत एकाच बिऱ्हाडी दूरचित्रवाणी संच होता आणि संध्याकाळी सारा मजला त्या खोलीत दाटीवाटीने बसे. त्या कृष्णधवल पडद्यावर एक मुलगी बातम्या वाचू लागली. मोठे डोळे, कपाळावर कुंकू, सुती साडी, आणि वर्ण माझ्यासारखा सावळा. तिने तो पावडरीखाली दडवलेला नव्हता. ती वाचत होती, आणि खोलीतली सारी मोठी माणसे गप्प बसून ऐकत होती. मला बातम्या कळल्या नाहीत. मला एवढेच कळले, की सावळी मुलगी बोलते आहे आणि पुरुषही ऐकत आहेत. जीन्सवरच घाईघाईने साडी गुंडाळून ती बातम्यांना बसत असे, अशी आख्यायिका पुढे वाचनात आली. तेव्हा ते ठाऊक असते, तर मी तिच्यावर आणखीच जीव टाकला असता.

शाळा उघडल्यावर मी हे बाईंना सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग तूही वाच." दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतर वर्तमानपत्रातल्या पाच बातम्या मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातला एखादा कागद आपल्या कारखान्यातला असेल, हेही बाईंनीच पहिल्यांदा माझ्या लक्षात आणून दिले. 'कागद आमचा, बातमी दुसऱ्यांची' ही माझी तक्रार त्या दिवशी मिटली. स्मिताचे माझ्यावरचे पहिले ऋण हे असे आहे आणि त्यात बाईंचा अर्धा वाटा आहे.

स्मिताची पुढची वाटचाल आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. तरी विद्यार्थ्यांसाठी ती थोडक्यात मांडते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या पदविका-चित्रपटात तिने १९७४ साली काम केले. श्याम बेनेगल यांनी तिला 'चरणदास चोर' आणि 'निशांत' या १९७५ च्या चित्रपटांत घेतले. १९७६ साली 'मंथन' आला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट. त्यातली बिंदू ही स्मिताची भूमिका पाहताना ती त्या गावाबाहेरची आहे, असे क्षणभरही वाटत नाही. तिचे उकिडवे बसणे, डोक्यावरचा पदर ओढणे, अनोळखी माणसाकडे आधी रागाने आणि मग कुतूहलाने पाहणे, हे सारे हाडामांसातून आलेले आहे. जवळपास अर्धशतकानंतर, २०२४ साली, या चित्रपटाची जुनी प्रत नव्याने सिद्ध करून कान महोत्सवात दाखवण्यात आली. दोन-दोन रुपयांचे ते भांडवल किती टिकाऊ होते, पाहा.

१९७७ च्या 'भूमिका'ला आधार होता हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाचा. लहानपणापासून घरासाठी कमावणारी, पण घर कधीच न मिळालेली एक नटी तिने वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी उभी केली. अल्लड मुलीपासून थकलेल्या प्रौढेपर्यंतचा तो प्रवास आहे. त्यासाठी तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरील 'चक्र' या चित्रपटातील झोपडपट्टीतल्या अम्मासाठी तोच पुरस्कार तिला दुसऱ्यांदा मिळाला. १९८५ साली ती पद्मश्री झाली.

मराठीत जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' १९७७ साली आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यातली ठाकर चिंधी नवऱ्याचे घर सोडून आपल्या मनातल्या नाग्याबरोबर डोंगर चढते. गुजरातीत 'भवनी भवाई', तेलुगूत 'अनुग्रहम', मल्याळममध्ये अरविंदन यांचा 'चिदंबरम' अशा अनेक भाषांत ती गेली. बंगालीतल्या मृणाल सेन यांच्या 'आकालेर संधाने' मध्ये तर तिने स्वतःचीच, म्हणजे दुष्काळावरचा चित्रपट करायला खेड्यात आलेल्या स्मिता नावाच्या नटीची, भूमिका केली. दुसऱ्याच्या भुकेचा अभिनय करण्याचा आपल्याला काय अधिकार, हा त्या चित्रपटाचा प्रश्न आहे. तो प्रश्न स्मिताला परका नसावा.

दूरदर्शनवरून जी स्मिता पहिल्यांदा लोकांपुढे आली, ती दूरदर्शनसाठी सत्यजित राय यांनी केलेल्या 'सद्गती' मधून पुन्हा तिथे परतली. १९८१ सालची ही प्रेमचंदांची कथा. चित्रीकरण छत्तीसगडात झाले, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच मध्य प्रदेशात. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून मिळावा म्हणून दुखी चर्मकार ब्राह्मणाच्या दारी जातो. तिथे उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता त्याचा जीव जातो. त्याची बायको झुरिया, म्हणजे स्मिता, पावसात त्या बंद दाराशी येऊन आक्रोश करते. दार उघडत नाही. ज्यांनी हा प्रसंग पाहिला आहे, त्यांना त्यावर भाष्य नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांना ते पुरणार नाही.

या जमेच्या बाजूला एक वजाबाजूही आहे, आणि ती झाकणे मला योग्य वाटत नाही. 'चक्र' ची जाहिरात करताना अम्माच्या साऱ्या कष्टांतून नेमके तिच्या स्नानाचे दृश्य उचलले गेले. झोपडपट्टीतली बाई उघड्यावरच अंघोळ करते, कारण तिला भिंत नाही. हे त्या दृश्याचे मर्म. जाहिरातीत मर्म गळाले, देह उरला. स्मिताने याविषयी आपली नाराजी बोलून दाखवली होती. पुढे 'नमक हलाल', 'शक्ती' यांसारख्या मोठ्या व्यावसायिक चित्रपटांतही ती दिसली. पुष्कळांनी नाके मुरडली. मला वाटते, ज्या छोट्या चित्रपटांनी तिला घडवले, त्यांनाही पैसा उभा करायला बाजारात चालणारे नाव लागत होते, ही गोष्ट टीकाकार विसरले. तरीही सांगते, त्या चित्रपटांत ती मला अवघडलेली दिसते. पाहुण्या घरी माणूस बसतो, तशी.

तिच्या खासगी जीवनाविषयी मी काही बोलणार नाही. त्यावर पुरेसे, आणि पुरेशा कठोरपणे, लिहिले गेले आहे. पडद्यावरच्या स्त्रीने जे केले ते पडद्याबाहेरच्या स्त्रीनेही तंतोतंत करावे, ही अपेक्षा आपण नटाकडून करीत नाही, नटीकडून मात्र करतो.

आता 'उंबरठा'. १९८२ चा जब्बार पटेल यांचा हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. तिथल्या भ्रष्टतेशी झगडते, हरते, राजीनामा देऊन घरी येते. घरात तिची जागा उरलेली नसते. ती पुन्हा उंबरठा ओलांडते.

त्या वर्षी माझे लग्न होऊन मी भुसावळला सासरी आले होते. एम. ए. चा निकाल चांगला लागला होता आणि जळगावच्या एका महाविद्यालयात अध्यापनाची जागा मला मिळत होती. रोज गाडीने जाऊन येऊन करायची नोकरी. सासरी कोणी 'नको' म्हटले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "घराला कुलूप लावून बाई बाहेर गेली, की घर घर राहत नाही." माझे यजमान काहीच बोलले नाहीत. नकाराचे पत्र मी स्वतः लिहिले आणि स्वतःच पेटीत टाकले. आजवर मी लोकांना सांगत आले, की मला नोकरी करू दिली नाही. ते पूर्ण खरे नाही. मला कोणी अडवण्याआधीच मी थांबले होते.

पुढे महिन्याभराने बाई भुसावळला आल्या आणि मला 'उंबरठा' ला घेऊन गेल्या. परतताना मी रागावून म्हणाले, "बाई, त्या लहान मुलीचे काय? सुलभाने तिला टाकलेच ना?" बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मुलीचा विचार तिनेही केला असेल. तू तिचा चेहरा पाहिलास का? निघताना तिला आनंद होत नव्हता. बाहेर पडणाऱ्या बाईला आपण निर्दय समजतो, कारण तिचा चेहरा पाहायला आपण थांबत नाही." बाई स्वतः तरुण वयात घर सोडून या गावात एकट्या आल्या होत्या, हे मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी समजले. त्या संध्याकाळी त्या स्वतःविषयी एक शब्द बोलल्या नाहीत.

ही बाईंची शिकवण मला स्मिताच्या अभिनयाची किल्ली वाटते. ती निर्णय अभिनित करीत नसे, निर्णयाची किंमत अभिनित करीत असे. सुलभा जाते, चिंधी डोंगर चढते, 'मिर्च मसाला' मधली सोनबाई सुभेदाराच्या तोंडावर थप्पड मारून मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. पण या तिघींच्याही डोळ्यांत विजयाचा उन्माद नाही. भीती आहे, आणि भीती असूनही टाकलेले पाऊल आहे. शूर माणसाला भीती वाटत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. स्मिताने नेमके उलटे शिकवले.

१९८६ च्या नोव्हेंबरात मी बाळंत झाले. मुलगी झाली. आठव्या दिवशी मला ताप चढला. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यात विशेष वाटले नाही. बाळंतिणीला दूध भरून ताप येतोच, असे सर्वांचे मत पडले. शेजारी एक परिचारिका राहत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्या यजमानांना म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता न्या. सकाळची वाट पाहू नका." यजमानांनी वाट पाहिली नाही. मी वाचले.

त्याच नोव्हेंबरच्या २८ तारखेला स्मिताला मुलगा झाला आणि १३ डिसेंबर रोजी प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने ती मुंबईत वारली. वय वर्षे एकतीस. मी इस्पितळातून घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. मांडीवर मूल होते आणि वर्तमानपत्र समोर. जिच्या तोंडून मी पहिल्यांदा बातम्या ऐकल्या, ती स्वतः बातमी झाली होती. तो कागद आपल्या गावचा होता की नाही, मला ठाऊक नाही. त्यावर हात ठेवून मी कितीतरी वेळ बसून होते. नामवंत घर, महानगर, हाताशी वैद्यक. तरीही बाळंतपण तिला घेऊन गेले. मला एका शेजारणीच्या हट्टाने वाचवले. इथे बसलेल्या मुलामुलींना मी मुद्दाम सांगते, की बाळंतपण मूल जन्मल्यावर संपत नाही. त्यानंतरचे दिवसही तितकेच जोखमीचे असतात. घरात बाळंतीण असेल आणि तिला ताप किंवा रक्तस्राव असेल, तर सकाळची वाट पाहू नका. या व्याख्यानातले बाकी सारे विसरलात तरी चालेल.

त्या आठवड्यात बाईंचे कार्ड आले. सांत्वनाचा मजकूर नव्हता. लिहिले होते, "ती गेली. तू राहिली आहेस. जागेची चौकशी कर." मी चौकशी केली. जून १९८७ मध्ये मी कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन यजमान स्टेशनवर पोचवायला आले होते. फलाटावर ते म्हणाले, "तेव्हाच बोलायला हवे होते मी." एवढेच. सासूबाईंनी दुपारच्या दुधाची वाटी मुलीच्या तोंडाला लावायला सुरुवात केली, ती शाळेत जाईपर्यंत. माणसे बदलतात, पण कोणीतरी आधी पाऊल टाकावे लागते. पस्तीस वर्षे जाऊन-येऊन नोकरी करता करता मी किती मुलींना शिकवले, याचा हिशेब ठेवला नाही. वर्गात सावळी, मागच्या बाकावर बसणारी, चोख पाठांतर असलेली मुलगी दिसली, की मी तिला वाचायला उभी करीत असे. एवढा नेम मात्र चुकवला नाही.

'मिर्च मसाला' १९८७ साली, तिच्या मृत्यूनंतर, पडद्यावर आला. जेमतेम एका तपाच्या कारकिर्दीत ऐंशीच्या घरात चित्रपट करून ती गेली. मुंबईतल्या स्त्रियांच्या केंद्राशीही ती जोडलेली होती. पडद्यावरच्या प्रश्नांना पडद्याबाहेरही उत्तर शोधावे, ही तळमळ तिच्या ठायी होती.

आरंभीच्या शंकेकडे येते. शाळेच्या स्मृतिव्याख्यानात नटीचे जीवन शोभते काय? मला वाटते, शाळेचे काम मुलाला स्वतःचा चेहरा ओळखायला शिकवणे हे असेल, तर शोभते. माझ्या पिढीच्या हजारो सावळ्या, साध्या घरच्या मुलींना आपला चेहरा प्रथम स्मिताच्या रूपाने दिसला. तो आरशात होताच. पण आरशावर आमचा विश्वास नव्हता. आणि तो चेहरा दिसल्यावर पुढे काय करायचे, हे सांगायला प्रत्येकीच्या वाट्याला एखादी बाई यावी लागते. माझ्या वाट्याला आली. म्हणून एकीच्या स्मृतिदिनी मी दुसरीचे गुणगान केले. मला तरी त्या दोघी वेगळ्या काढता येत नाहीत.

शाळेकडे माझे एकच मागणे आहे. प्रार्थनेनंतर बातम्या वाचण्याचा तो जुना प्रघात पुन्हा सुरू करावा. आपला कारखाना मधली काही वर्षे बंद राहून २०२२ साली पुन्हा सुरू झाला; हा प्रघातही सुरू होऊ शकेल. आणि वाचायला उभी करताना मुलगी गोरी आहे की सावळी, हे कोणी पाहू नये. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही, एवढेच पाहावे.

 बाईंच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण संपवते.